बंद कारखान्याची जागा लोकांसाठी खुली करायची असेल तर जेसीबीच्या आधी हे करा

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात (कापड विणायच्या मागांवर) होते, १९८२ च्या संपानंतर त्यांच्यासाठी तो भोंगा परत वाजलाच नाही. मी आर्किटेक्चर केलं, नंतर लँडस्केपकडे वळले आणि गेली बरीच वर्षं माझं बहुतेक काम बंद पडलेल्या जागांवरच चालतं, गिरण्या, फाउंड्र्या, गोदामं. दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की आमच्याकडचा अमुक कारखाना वीस वर्षं बंद आहे, तिथे लोकांसाठी काही करता येईल का, आणि करायचं तर सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

सुरुवात जेसीबीने करायची नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे "जागा साफ करून घेऊ, मग बघू" हे इतकं अंगवळणी पडलंय की आर्किटेक्ट साइटवर पोचेपर्यंत तिथे सपाट मैदान आणि चार बाजूला पत्रे एवढंच उरलेलं असतं. मग त्या मैदानावर तीच कारंजी, तेच लॉन, तेच पेव्हर ब्लॉक. ती जागा पन्नास-शंभर वर्षं काय होती हे सांगणारं तिथे काहीच राहत नाही, आणि विष मात्र मातीत तसंच राहतं. म्हणजे जे ठेवायचं ते गेलं आणि जे काढायचं ते राहिलं.

या कामात मी उदाहरण म्हणून कायम धरते ते जर्मनीतलं डुइसबुर्ग. तिथे मायडरिख भागात थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना १९०१ मध्ये उभा राहायला लागला आणि १९८५ मध्ये बंद पडला. पाच झोतभट्ट्या, मधल्या काळात ३ कोटी ७० लाख टन कच्चं लोखंड काढलेलं. बंद झाल्यावर पाडून टाकायचीच चर्चा होती पण पाडायचा खर्च प्रचंड आणि आसपासचे लोकही उभे राहिले की पाडू नका. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत त्या सगळ्या पट्ट्यात एम्शर पार्क नावाचा मोठा सरकारी कार्यक्रम चालला, त्यातून स्पर्धा झाली, लँडस्केप आर्किटेक्ट पीटर लाट्झ यांचं डिझाइन निवडलं गेलं आणि १९९४ मध्ये पार्क खुलं झालं. जवळजवळ १८० हेक्टर, आत जायला तिकीट नाही, दिवसरात्र उघडं.

मी तिथे दोन दिवस नुसती फिरले. सगळ्यात जास्त वेळ गेला एका चौकात, ज्याला पियाझ्झा मेटालिका म्हणतात. तिथे ४९ बिडाच्या लाद्या, सात बाय सात अशा चौकोनात जमिनीवर मांडल्यात, एकेक लादी सव्वादोन मीटरच्या आसपास आणि वजन सात-आठ टन. या लाद्या बाहेरून आणलेल्या नाहीत, त्याच कारखान्यात लोखंड ओतायच्या जागेवर होत्या, फक्त धुतल्या आणि इथे आणून मांडल्या. नुकताच पाऊस पडून गेला होता, मी एका लादीवर बसले, हात फिरवला तर कडेला गंजाचे पापुद्रे बोटांना लागत होते आणि मध्ये मात्र लोखंडाच्या रसाने चाटून चाटून केलेल्या खळग्या, त्यात पाणी साचलेलं. वरून रंग नाही, पॉलिश नाही. शेजारी दोन लहान पोरं एका लादीवरून दुसऱ्या लादीवर उड्या मारत होती. मला वाटतं या विषयातलं निम्मं शिक्षण त्या एका चौकात होतं: वस्तू तीच, फक्त जागा बदलली, आणि जिथे कामगार सोडून कोणी जाऊ शकत नव्हतं तिथे आता कोणीही जाऊन बसतं.

आता आपल्या कामाकडे.

कागद

डिझाइनच्या आधी कागद, हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण कंटाळतो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, जमीन मालकीची की लीजची ते बघा (सरकारी लीज असेल तर कुठल्या कामासाठी दिली ती अट वाचा), बँकेचा बोजा आहे का, कंपनी लिक्विडेशनमध्ये (गुंडाळली जात) आहे का, कामगारांची देणी थकलीत का, विकास आराखड्यात आरक्षण काय आहे. देणी थकलेली असतील तर तो प्रश्न बाजूला ठेवून बागेचं बोलू नका, ज्यांच्या घामावर ती जागा उभी राहिली तेच लोक तुमच्या विरोधात गेटवर उभे राहतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

कागदावरचा एक शब्द किती महाग पडतो हे मुंबईने बघितलंय. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता, त्याप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची झाली. आता गिरणीचं आवार डोळ्यासमोर आणा, इकडून तिकडे सगळ्या शेड, त्यात बांधकाम नसलेली जमीन ती केवढी? प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदललेला नियमच कायम केला. गिरणगावात मोठी मैदानं आणि बागा होऊ शकल्या असत्या, तिथे आज काय आहे ते सगळे बघतोच.

म्हणून ठराव, करार, आराखडा, जे काही असेल त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: लोकांचा वाटा एकूण जमिनीच्या किती, तो सलग एका तुकड्यात असेल, आणि त्याला सार्वजनिक रस्त्यावरून थेट दार असेल. तिसरी गोष्ट विसरली तर मोकळी जागा टॉवरच्या मागे जाते, वॉचमन विचारतो कुठे चाललात, आणि संपलं.

जागा वाचणं, आणि ती कोणाबरोबर वाचायची

निदान एक पूर्ण वर्ष जागेवर जात राहा. भर पावसात नक्की जा, कारण पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठून काळं होऊन बाहेर पडतं हे जुलैतच कळतं. मोजणी, ड्रोनचे फोटो, जुने नकाशे हे होईलच, पण खरं काम म्हणजे जुने कामगार शोधणं आणि त्यांना बरोबर घेऊन चालणं. एकेकट्याला न्या, मग तिघाचौघांना एकत्र न्या, एकत्र आल्यावर त्यांचे आपापसात वाद होतात आणि त्या वादातून खरी माहिती बाहेर येते.

एका गिरणीत मी एका रिटायर्ड जॉबर (म्हणजे खात्यातले मुकादम) काकांबरोबर फिरत होते. साचे कधीच भंगारात गेलेले, रिकामी शेड, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, वर काचांतून उत्तरेचा उजेड. काका बोलत बोलत चालत होते आणि मध्येच थांबले, खाली न बघता, आणि मी बघते तर त्यांचे दोन्ही पाय फरशीतल्या दोन खोलगट जागांवर बरोबर बसलेले. शहाबादी फरशी, पायांनी झिजलेली. म्हणाले, "पोरी, हितं मी, माझ्या आधी माझा सासरा." मी त्या फरश्या नंबर टाकून काढून घेतल्या आणि आज त्या वाटेत त्याच जागी, त्याच क्रमाने आहेत. पाटी लावलेली नाही, पावसाळ्यात दोन पावलांएवढं पाणी साचतं तिथे आणि चिमण्या येतात प्यायला.

पण कामगारांना बरोबर घ्यायचं ते फक्त आठवणींसाठी नाही. तेलाची टाकी कुठे होती, कुठली गळायची, रंगाचं पाणी कुठल्या गटारातून सोडायचे, राख कुठे टाकायचे, पाटी नसलेला खड्डा कुठे बुजवलाय, हे फक्त त्यांनाच माहीत असतं. कंपनीच्या ड्रॉइंगवर हे नसतं. म्हणजे आठवणींचा नकाशा आणि विषाचा नकाशा एकाच माणसाच्या डोक्यात असतो, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीला आलीत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

हे मी चूक करून शिकले. सुरुवातीच्या काळात एका छोट्या शहरात बंद कारखान्याच्या आवारात बाग करायची होती, माती तपासणीचा रिपोर्ट हातात आला, सगळं नॉर्मल. नमुने एकाच कोपऱ्यातून, गेटजवळून घेतलेले होते, हे मी बघायला हवं होतं ते बघितलं नाही. दोन फूट लाल माती टाकली, तळं केलं, झाडं लावली. पहिल्याच पावसाळ्यात तळ्याच्या उताराकडच्या कडेला तेलाचा तवंग आला आणि वास. मग एक जुने फिटर काका म्हणाले की तिथे तर फर्नेस ऑइलची टाकी होती ना, सगळ्यांना माहितीये. सगळ्यांना माहिती होतं, आम्ही कोणाला विचारलं नव्हतं. तळं रिकामं करून अर्धी बाग परत खणावी लागली.

माती

तेव्हा नमुने कामगारांनी दाखवलेल्या जागांवरून आधी घ्या आणि मग उरलेल्या जागेवर चौकटी आखून घ्या. वरचा थर, एक मीटर, तीन मीटर असे वेगवेगळे घ्या, भूजलाचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा. बिल्डिंगच्या पायासाठी जी माती तपासणी होते ती वेगळी, तिच्यात रसायनं कळत नाहीत, हा गोंधळ नेहमी होतो. मान्यताप्राप्त लॅबला स्पष्ट लिहून द्या काय तपासायचं: शिसं, आर्सेनिक, क्रोमियम, कॅडमियम, पारा, तेलाचे अंश, डांबरातून येणारी रसायनं, बेंझिन, आणि त्या उद्योगात आणखी जे वापरात असेल ते.

छपरावरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ठिकाणी ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडायचे नाहीत, वरून खाली फेकायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे, काम करणाऱ्याच्या तोंडावर योग्य मास्क हवा (रुमाल नाही!), गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत ठिकाणी पाठवायचे. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव इथे अशा सोयी आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाशी पत्रव्यवहार सुरुवातीलाच करा. खर्च वाचवायला ठेकेदार हे पत्रे रात्री कुठेतरी नेऊन टाकतो, तेव्हा उतरवताना स्वतः उभे राहा.

विष सापडलं म्हणजे सगळी माती उचलून दुसरीकडे न्यायची असं नाही, तसं केलं तर ते फक्त दुसऱ्याच्या गावाला जातं. अमेरिकेतल्या सिॲटलचं गॅस वर्क्स पार्क बघा. १९०६ ते १९५६ तिथे गॅस बनवायचा कारखाना होता, माती डांबराने भरलेली. लँडस्केप आर्किटेक्ट रिचर्ड हाग यांनी आपलं ऑफिसच साइटवर थाटलं, गॅसचे मनोरे पाडायचे नाहीत म्हणून शहराला पटवलं, आणि मातीत सांडपाण्याचा गाळ, भुसा, पालापाचोळा नांगरून मिसळला जेणेकरून मातीतले जिवाणू वाढून तेल खातील. राडारोड्याची टेकडी केली, तिच्यावर आज लोक पतंग उडवतात. १९७५ मध्ये पार्क खुलं झालं. पण १९८४ मध्ये तपासणीत घातक रसायनं सापडली आणि काही काळ बंद ठेवावं लागलं, काही भागांवर नवीन स्वच्छ माती टाकावी लागली, त्यानंतरही उपचार चालू राहिले. म्हणून पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये दर वर्षीच्या तपासणीचे पैसे वेगळे ठेवा.

डुइसबुर्गला सगळ्यात वाईट माती जुन्या बंकरमध्येच (कच्चा माल साठवायच्या कोठ्यांत) बंदिस्त केली. भिंती पाडल्यावरच्या विटा दळून त्यात झाडं लावली. कमी दूषित भाग तसाच ठेवला, झाडं आपोआप येऊ दिली आणि लोकांच्या वाटा उंचावरून नेल्या. आपण पण हेच करायचं: जागेचे भाग पाडा. जिथे मुलं मातीत खेळणार तिथे नियम सगळ्यात कडक, खाली चिकणमाती आणि जिओटेक्स्टाइल (मातीत अंथरायचं जाड कापड), वर भरपूर स्वच्छ माती. जिथे फक्त चालायचं तिथे वाट पक्की, बाजूला दाट झाडी. जिथे खरंच वाईट आहे तिथे माणूस जाणारच नाही असं डिझाइन. वाळा, मोहरी अशी झाडं जड धातू ओढून घेतात हे खरं, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात आणि कापलेली मोहरी हा मग घातक कचरा असतो, गुरांना घालायची नाही. आणि फळझाडं, भाजीपाला अशा मातीत लावू नका, शाळेच्या मुलांना परसबाग हवी असेल तर वाफे जमिनीपासून वर उचलून, बाहेरच्या मातीत.

वेळ लागतो म्हणून हिरमुसू नका. धारावीच्या कडेचं माहीमचं निसर्ग उद्यान १९७७ पर्यंत कचरा टाकायची जागा होती. १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तिथे झाड लागलं, १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं, आणि आज त्या ३७ एकरात दाट जंगल आहे.

पाणी

इथे एक गोष्ट आपल्या सवयीच्या उलट करावी लागते. पावसाचं पाणी जिरवा हे आपण सगळीकडे सांगतो, पण दूषित मातीत शोषखड्डा खणला तर आपण स्वतःच्या हाताने विष विहिरीत ढकलतो. म्हणून छपराचं पाणी जमिनीला लागू न देता उघड्या पन्हाळीतून न्या, स्वच्छ केलेल्या टाक्यांमध्ये साठवा, आणि तपासून स्वच्छ निघालेल्या भागातच जिरवा. डुइसबुर्गला एम्शर ही नदी म्हणजे उघडं गटार झालेली होती. तिथे सांडपाणी जमिनीखालच्या मोठ्या पाइपात घातलं आणि वरच्या पात्रात फक्त पावसाचं पाणी सोडलं, ते जुन्या कारखान्याच्या पाणी थंड करायच्या टाक्यांमधून येतं. तिथली पवनचक्की ते पाणी वर उचलते. आपल्याकडे चार महिन्यांत कोसळणारा पाऊस बघता टाक्या आणि ओव्हरफ्लो दोन्ही मोठे धरा.

काय ठेवायचं

स्ट्रक्चरल ऑडिट करा पण ऑडिटवाल्याला प्रश्न नीट विचारा. "सुरक्षित आहे का" विचारलं तर तो नाही म्हणणार आणि पाडा लिहून देणार. "हे उभं ठेवायला काय करावं लागेल आणि लोकांना कुठपर्यंत जाऊ देता येईल" असं विचारा. चिमणीला तडितरोधक चालू आहे का बघा. जुन्या विटांच्या भिंतींच्या दरजा (विटांमधले सांधे) चुन्यातच भरा, सिमेंट भरलं तर ओल आत अडकते आणि विटा फुटतात. मशीनच्या पायाचे खड्डे, जमिनीखालचे डक्ट, जुन्या टाक्या हे लोकांना आत सोडायच्या आधी जाळी लावून बंद करा, आणि टाकीत कोणालाही गॅस न तपासता उतरवू नका, यात माणसं जातात. नवीन जिने, कठडे, पूल वेगळ्या रंगाचे, नवे दिसतील असेच करा, जुन्याची नक्कल नको. डुइसबुर्गला पाच नंबरच्या भट्टीवर जवळपास ७० मीटर उंचीपर्यंत सामान्य माणूस चढून जातो, त्याला नवं काय आणि जुनं काय लगेच कळतं.

झाडांबाबत एक फरक लक्षात ठेवा. तिकडे आपोआप उगवलेली बर्चची झाडं ठेवली ते ठीक, आपल्याकडे आपोआप उगवतो तो पिंपळ, आणि तो भिंतीत उगवतो. माझा नियम साधा आहे, जमिनीवरचा पिंपळ-उंबर देवासारखा जपायचा, चिमणीतला आणि भिंतीतला बोटाएवढा असतानाच मुळासकट काढायचा. घाणेरी आणि सुबाभूळ माजली असेल तर एकदम सगळी तोडू नका, तिच्या सावलीत देशी रोपं लावा आणि मग हळूहळू कमी करत जा.

तिथे लोकांनी काय करायचं

डुइसबुर्गच्या गॅसच्या टाकीत आज सुमारे २ कोटी लिटर पाणी आहे आणि लोक त्यात डायव्हिंग शिकतात, खनिजाच्या बंकरच्या भिंतींवर गिर्यारोहक सराव करतात. हे तसंच्या तसं उचलायचं नाही. आपल्याकडे उंच शेड रिकामी आहे म्हटल्यावर गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, दहीहंडीचा सराव, कबड्डी, लेझीम, भजनी मंडळ, अभ्यासिका, हे सगळं आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये जागा नाही म्हणून रस्त्यावर चाललेलं असतं. आधी गल्लीत जाऊन बघा काय काय रस्त्यावर चाललंय, तीच यादी. बायकांना विचारा संध्याकाळी सात नंतर तुम्ही इथे याल का, आणि नाही म्हणाल्या तर का नाही, उजेड, संडास आणि दोन्ही बाजूंना दार हीच उत्तरं बहुतेक वेळा येतात. संडास शेवटी करू म्हणून ठेवले की ते होत नाहीत, पहिल्या टप्प्यात करा. आणि थोडी जागा कशासाठीच राखून ठेवू नका, लोक ठरवतील.

सगळं एकदम उघडायची वाट बघू नका. तपासून स्वच्छ निघालेला एक कोपरा, एक वाट, एक पार पहिल्या वर्षातच उघडा. लोक यायला लागले की ती जागा परत कोणाच्या घशात जाणं अवघड होतं.

आणि काम झाल्यावर एक मोठा नकाशा करा, मराठीत, साध्या भाषेत: कुठे काय गाडलंय, स्वच्छ मातीचा थर कुठे किती जाड, कुठे कुदळ मारायची नाही, कुठल्या विहिरीचं पाणी कधी तपासलं. फाइलमध्ये ठेवला तर हरवेल. माझ्या सगळ्या जागांवर तो माळ्यांच्या खोलीत, अवजारं टांगायच्या भिंतीवर ऑइल पेंटने रंगवलेला आहे, म्हणजे सकाळी कुदळ काढायला जो हात वर जाईल त्याच्या डोळ्यासमोरच तो येतो.